जेटच्या मागावर : पिंपरी ते चाकण



सहल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? किल्ला, लेणी, धरण, फार तर प्राणिसंग्रहालय. ‘चला, या वेळी कारखान्यांच्या गावाला जाऊ,’ असं कुणी म्हटलं तर वर्गात लगेच कुजबुज सुरू होईल. ‘तिथं काय पाहायचं? धूर आणि ट्रक?’

पण थांबा. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या पट्ट्यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. फक्त डोंगरासारखं ते लांबून दिसत नाही. जवळ जाऊन, वाकून, कधी कधी भिंग लावून पाहावं लागतं. आज आपण तिथं जाणार आहोत ते एका हरभऱ्याएवढ्या पितळी वस्तूच्या मागावर. तिच्या मधोमध आरपार एक भोक असतं. भोक किती मोठं? वहीवर बॉलपेननं एक ठिपका द्या, साधारण तेवढं. या वस्तूचं नाव आहे जेट. एवढंसं भोक अख्ख्या गाडीचं भवितव्य ठरवतं, म्हटलं तर खरं वाटेल का? मग चला माझ्याबरोबर.

लोकलनं पिंपरीला

पुणे स्टेशनवरून लोणावळ्याची लोकल पकडायची. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी आणि मग पिंपरी. पुढे चिंचवड, आकुर्डी, देहूरोड. खिडकीतून आज उंच इमारती दिसतात, पण सत्तर वर्षांपूर्वी इथं ज्वारी-बाजरीची शेतं होती. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिन बनवणारा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६०च्या दशकात आकुर्डीला बजाजच्या स्कूटर आणि रिक्षा बनू लागल्या, पिंपरीला टेल्को आली. तीच आजची टाटा मोटर्स. एका मोठ्या कारखान्याला शेकडो लहान भाग लागतात. ते बनवणाऱ्या छोट्या शेड भोसरीत, चिंचवडमध्ये, तळवड्यात उभ्या राहिल्या. सोलापूर, लातूर, सातारा, जळगाव, शिवाय कितीतरी परप्रांतांतून माणसं आली आणि इथलीच झाली. १९८२ मध्ये इथं महानगरपालिकाही आली.

तुमच्यापैकी अनेकांच्या आजोबांकडे ‘चेतक’ स्कूटर असेल. आठवतं का, थंडीच्या दिवसांत ती सुरू होईना की आजोबा ती एका बाजूला तिरकी करायचे, चोक ओढायचे आणि मग किक मारायचे? ती सगळी खटपट असायची ती कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल नीट पोचावं म्हणून. आपला जेट राहतो तो याच कार्ब्युरेटरच्या पोटात.

एक लिटर पेट्रोल, एक टँकर हवा

आधी एक गणित करू. पेट्रोल एकटं जळत नाही, त्याला हवा लागते. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम. म्हणजे त्याला जवळजवळ ११ किलो हवा हवी. पुण्याच्या उंचीवर एक घनमीटर हवेचं वजन असतं सुमारे १.१ किलो. करा भागाकार. उत्तर येईल दहा घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर!

तुमच्या सोसायटीत पाण्याचा मोठा टँकर येतो ना, तो साधारण दहा हजार लिटरचा. तसा टँकरभर हवा तेव्हा कुठे एक लिटर पेट्रोल धड जळतं. बाबा पंपावर फक्त पेट्रोलचे पैसे देतात, हवा फुकट मिळते, म्हणून तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही.

आता हे प्रमाण जुळवायचं कुणी? जुन्या गाड्यांमध्ये ना संगणक होता, ना मीटर. ते काम कार्ब्युरेटर करायचा. त्याच्या तळाशी एक छोटी वाटी असते. तिच्यात पेट्रोल साठतं. संडासाच्या टाकीत जसा तरंगता गोळा पाण्याची पातळी राखतो, तसाच इथं एक तरंगता फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. वाटीच्या वर एक नळी असते, मधे थोडी अरुंद. इंजिन हवा ओढतं तेव्हा या अरुंद गळ्यातून हवा जोरात धावते. हवा वेगानं धावली की तिथला दाब कमी होतो. खाली वाटीत मात्र बाहेरच्या हवेचा दाब तसाच असतो. तो पेट्रोलला वर ढकलतो. पेट्रोल जेटच्या भोकातून वर येतं, त्याचे बारीक तुषार होतात आणि हवेबरोबर ते इंजिनात जातात.

वेगानं वाहणाऱ्या द्रवाच्या दाबाचा हा नियम डॅनिएल बर्नोलीनं १७३८ मध्ये आपल्या पुस्तकात मांडला. अरुंद गळ्याच्या नळीचा अभ्यास इटलीच्या व्हेंच्युरीनं केला, म्हणून त्या गळ्याला आजही ‘व्हेंच्युरी’ म्हणतात.

करून पाहा : पेट्रोलला मात्र हात लावायचा नाही! पाणी घ्या. ग्लासात काठोकाठ पाणी भरा. शरबताची एक नळी पाण्यात उभी धरा, तिचं टोक पाण्याच्या जरासंच वर ठेवा. दुसऱ्या नळीचं तोंड या टोकापाशी आडवं आणा आणि जोरात फुंका. पाणी उभ्या नळीतून आपोआप वर चढेल आणि समोर फवारा उडेल. (समोर धाकटी बहीण बसलेली नाही ना, ते आधी पाहा.) हा झाला तुमचा घरगुती कार्ब्युरेटर. आता उभ्या नळीच्या खालच्या टोकाला मेणाचा गोळा लावून त्याला टाचणीनं भोक पाडा आणि पुन्हा फुंका. फवारा बारीक झाला? मग तुम्ही जेट बसवलात!

नंबराची भानगड

जेटवर इवल्याशा अक्षरांत एक नंबर कोरलेला असतो. ९८, १००, १०५ असा. बऱ्याच कार्ब्युरेटरमध्ये हा नंबर म्हणजे भोकाचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेला. १०० नंबर म्हणजे १ मिलिमीटर, ९८ नंबर म्हणजे ०.९८ मिलिमीटर. काही कंपन्या मात्र भोकातून एका मिनिटात किती पेट्रोल जातं, त्यावरून नंबर देतात. म्हणून एका जातीचा जेट दुसऱ्यात नंबर पाहून बसवत नाहीत.

९८ आणि १०० यांत फरक किती? ०.०२ मिलिमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! तेवढ्यानं गाडीची चाल बदलते. असे बारकाईचे भाग करणारे कामगार आपल्याच भोसरी-चिंचवडच्या शेडमध्ये लेथवर उभे असतात. हातात मायक्रोमीटर, कानाला मशीनचा आवाज. पितळी दांडा फिरतो, पट्टी लागते, सोनेरी चुरा उडतो आणि खाली ट्रेमध्ये टप् टप् करत भाग पडतात. तिथं ‘जवळपास बरोबर’ हा शेरा चालत नाही.

एक जेट पुरत नाही बरं का. गाडी जागेवर उभी असताना आणि ॲक्सिलरेटर जरासा पिळला असताना छोटा ‘पायलट जेट’ काम करतो. मधल्या पिळाला एक निमुळती सुई वरखाली होऊन पेट्रोल कमीजास्त करते. आणि पूर्ण पीळ दिला की राज्य चालतं मोठ्या ‘मेन जेट’चं.

भोसरीतली शेड

आता एक खरा प्रसंग सांगते. भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मला एकदा एक गाडी पाहायला मिळाली. चार फुगीर टायर, नळ्यांचा सांगाडा, मधे एक सीट. ना दार, ना काच. अशा गाडीला एटीव्ही म्हणतात, ‘ऑल टेरेन व्हेइकल’. वाळू, चिखल, नांगरट, कुठंही चालणारी. होंडा कंपनीनं १९७० मध्ये अशी गाडी विकायला काढली तेव्हा तिला तीनच चाकं होती. वळणावर ती उलटायची भीती असे. म्हणून पुढे चार चाकं आली.

ही गाडी बांधली होती इंजिनिअरिंगच्या चार विद्यार्थ्यांनी, तीन मुलगे आणि एक मुलगी. एका जुन्या १५० सीसी मोटरसायकलचं इंजिन आणून त्यांनी ते सांगाड्यात बसवलं होतं. पण मूळ एअर फिल्टरचा डबा जागेत मावेना. मग त्यांनी तो काढून उघडा, शंकूसारखा फिल्टर लावला. सायलेन्सरही लांबीला जास्त होता. त्याऐवजी आखूड, सरळ नळीचा बसवला. गाडी सुरू झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मात्र पूर्ण पीळ दिला की ती दम लागल्यासारखी अडखळायची. पीळ सोडला की सायलेन्सरमधून फट् फट् आवाज. आणि दोन फेऱ्यांत इंजिन इतकं तापायचं की जवळ बसवेना.

काय झालं होतं, ओळखा पाहू! इंजिनाला श्वास घ्यायला मोठं नाक मिळालं आणि श्वास सोडायला मोकळी वाट. हवा जास्त येऊ लागली. पेट्रोलचं भोक मात्र जुनंच, ९८ नंबरचं. १४.७ ला १ हे प्रमाण बिघडलं. हवा उदंड, पेट्रोल अपुरं. याला मेकॅनिक ‘लीन’ म्हणतात. उलट, पेट्रोल जास्त झालं तर ‘रिच’.

तुम्ही म्हणाल, पेट्रोल कमी जळतंय तर इंजिन थंड राहायला हवं, तापतंय का? प्रश्न बरोबर आहे. हातावर स्पिरिट लावलं की गार का लागतं? स्पिरिट उडून जाताना हाताची उष्णता घेऊन जातं. पेट्रोलचे तुषारही वाफ होताना इंजिनाची उष्णता घेतात. पेट्रोल कमी म्हणजे हा गारवा कमी. शिवाय विरळ मिश्रण सावकाश जळतं, त्यामुळे उष्णता सिलिंडरमध्ये जास्त वेळ रेंगाळते. फार झालं तर पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो, कधी त्याच्या डोक्याला भोकही पडतं. मुलांनी वर्गणी काढून घेतलेलं इंजिन एका दुपारीत भंगार झालं असतं.

शेजारच्या गॅरेजचे मिस्त्री मदतीला आले. वय साठीच्या घरात, मुलं त्यांना ‘मामा’ म्हणत होती. एक मुलगा उत्साहानं म्हणाला, “मामा, जेट मोठा टाकू, फिल्टरला जाळी लावू आणि सुईपण वर घेऊ. एकदम होऊन जाईल.”

मामा हसले. “आणि गाडी सुधारली तर कशानं सुधारली म्हणशील? बिघडली तर कशानं बिघडली? अरे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं होतं तस्सं ठेवायचं.”

मुलांनो, हे वाक्य तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. प्रयोगात एकच घटक बदलायचा, बाकीचे स्थिर ठेवायचे. मामांनी ते पुस्तकातून शिकलं नव्हतं. पण चाळीस वर्षांच्या कामानं त्यांना तेच शिकवलं होतं.

जेटला हात लावण्याआधी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी तुकड्याची पट्टी तपासली. ती सैल होती, तिथून चोरून हवा आत जात होती. पट्टी आवळली. “आधी गळती बंद, मग जेट. फुटक्या माठात किती पाणी ओतणार?” गाडी थोडी सुधारली, पूर्ण नाही. मग खरं काम सुरू झालं.

प्लगचा रंग

शेडमागच्या मोकळ्या जागेत मुलांनी खुणा करून एक फेरी आखली होती. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, अंगात जाड जाकीट. इंजिन आधी गरम करून घेतलं. थंड इंजिनावरची परीक्षा खरी नसते. मग प्रत्येक जेटला एक फेरी. शेवटच्या सरळ पट्ट्यात पूर्ण पीळ द्यायचा, क्लच दाबून इंजिन तिथंच बंद करायचं आणि ढकलत परत आणायचं. का? कारण इंजिन मंद चालू ठेवून परत आणलं तर प्लगवर मंद चालीची खूण उमटेल, पूर्ण पिळाची नाही.

गाडी आली की जाड कापड धरून प्लग काढायचा आणि त्याचा रंग पाहायचा. त्या मुलीच्या हातात शंभर पानी वही होती. तिनं रकाने आखले होते : जेटचा नंबर, फेरीचा वेळ, प्लगचा रंग, शेरा. मी तिच्या वहीत डोकावले.

जेट ९८ : ४१ सेकंद. प्लग पांढराफटक. 
जेट १०५ : ३८ सेकंद. प्लग फिकट राखाडी. 
जेट ११० : ३९ सेकंद. प्लग काळा, काजळी. शेवटी गाडी गुरगुरते. 
जेट १०८ : ३७ सेकंद. प्लग चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा.

पाहिलंत? ११० हा आकडा सगळ्यांत मोठा, पण गाडी सगळ्यांत वेगवान झाली नाही. जास्त पेट्रोल म्हणजे जास्त ताकद, असं नसतं. हवा पुरली नाही की पेट्रोल अर्धवट जळतं, काजळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जास्त बाहेर पडतो. आमटीत मीठ कमी पडलं तर बेचव, जास्त पडलं तर खारट. योग्य जागा मधेच कुठंतरी असते, आणि ती चाखूनच सापडते.

आता सातवी-आठवीतल्यांसाठी गणित. ९८ वरून १०८ म्हणजे व्यास फक्त एक दशांश मिलिमीटरनं वाढला. पण पेट्रोल जातं ते भोकाच्या क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ वाढतं व्यासाच्या वर्गानं. १०८ चा वर्ग भागिले ९८ चा वर्ग करा. उत्तर येतं सुमारे १.२१. म्हणजे भोक एकवीस टक्क्यांनी मोठं झालं! दहा शंभरांश आणि एकवीस टक्के. वर्तुळाचं क्षेत्रफळ कशाला शिकायचं, असं कुणी विचारलं तर त्याला हा जेट दाखवा.

मेन जेट जमल्यावर मामांनी सुई एक खाच वर घेतली. मधल्या पिळाचं अडखळणं गेलं. शेवटी पायलटचा स्क्रू पाव-पाव फेरी फिरवून मंद चाल ठीक केली. क्रम कायम तोच. प्रत्येक वेळी वहीत नोंद.

घरी मोटरसायकल असेल तर मोठ्या माणसांना एक सांगायचं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत असे बदल करायचे नाहीत. मोटर वाहन कायदा, १९८८ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर तर नकोतच. शेजारी कुणाची तरी परीक्षा असते, कुणी आजारी असतं.

हवा बदलली, गाडी बदलली

एकदा बसवलेला जेट कायमचा बरोबर राहतो का? नाही! कारण जेटचं भोक बदलत नाही, हवा बदलते. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ. लडाखमधलं लेह ३५०० मीटरवर आहे. तिथं हवा समुद्रकाठच्या मानानं तीसेक टक्के विरळ होते. पुण्याहून कार्ब्युरेटरची मोटरसायकल घेऊन कुणी लेहला गेलं की तिला हवा कमी पडते, पेट्रोल जास्त होतं. गाडी काळा धूर सोडते आणि चढावर धापा टाकते. तिथं लहान जेट लागतो.

हवेसारखंच पेट्रोलही बदलतं. आज आपल्या देशातल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. २०२५ मध्ये देशानं हा टप्पा गाठला. इथेनॉल कशाचं? बरंचसं आपल्या सोलापूर, कोल्हापूर, नगरकडच्या उसाचं! इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते. एक ग्रॅम इथेनॉलला नऊच ग्रॅम. त्यामुळे अशा मिश्र पेट्रोलला १४.७ ऐवजी साधारण साडेतेरा पट हवा पुरते. म्हणजे जुन्या जेटनं गाडी किंचित लीन चालणार. कारखान्यातला ऊस आणि गाडीतला जेट यांचा असा संबंध असेल, हे तुम्हाला कधी वाटलं होतं का?

मैदानावरची परीक्षा

त्या चौघांचं खरं लक्ष्य होतं ‘बाहा’. ही विद्यार्थ्यांनी बांधलेल्या एटीव्हींची स्पर्धा. अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९७६ मध्ये ती सुरू झाली. भारतात पहिली बाहा स्पर्धा २००७ मध्ये इंदूरजवळ पिथमपूरला झाली. तेव्हापासून पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या कॉलेजांचे संघ तिथं जात आले आहेत. या स्पर्धेत गंमत अशी, की सगळ्या संघांना इंजिन एकाच जातीचं वापरावं लागतं, साधारण दहा अश्वशक्तीचं. ताकद वाढवण्यासाठी त्यात फेरफार करता येत नाहीत. मग जिंकायचं कशावर? सांगाडा हलका आणि मजबूत करण्यावर, गिअर नीट जुळवण्यावर, ब्रेक लागण्यावर, आणि शेवटी चार तासांची खडतर शर्यत न मोडता पूर्ण करण्यावर. वेगवान गाडी पहिल्या तासाला बंद पडली तर उपयोग काय?

म्हणजे मामांच्या शेडमध्ये मुलांनी गिरवलेला धडा तिथं जसाच्या तसा जेट बदलायला उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतं ते तपासायचं वळण. काय बदललं, काय झालं, लिहून ठेवा, मग पुढचं बदला.

२०१५ पासून या स्पर्धेत विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा वेगळा गटही असतो. तिथं जेटच नाही!

चाकणच्या वाटेवर

भोसरीहून नाशिक रस्त्यानं निघालं की मोशी, मग इंद्रायणीचा पूल, पुढे चिंबळी, कुरुळी आणि चाकण. सकाळी आणि संध्याकाळी या रस्त्यावर ट्रक, कंटेनर, कामगारांच्या बसगाड्या यांची एवढी गर्दी होते की सायकलवाला पुढे जातो.

चाकण म्हटलं की आपल्याला आठवतो संग्रामदुर्ग. १६६० मध्ये शायिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळा यांनी हा भुईकोट सुमारे दोन महिने झुंजवला. अवशेष आजही गावात आहेत, जरूर पाहा. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजारही जुना. आणि त्याच्या भोवती आता मोटारींचं नवं राज्य. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना आला. २००१ मध्ये बाजारात आलेली पल्सर इथंच बनू लागली. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. मर्सिडीज-बेन्झ आणि महिंद्राही आले. दुचाकींचे कार्ब्युरेटर बनवणारा केहिन-एफआयई कंपनीचा कारखानाही चाकणलाच होता. गाड्यांची आणि त्यांच्या धुराची तपासणी करणाऱ्या ‘एआरएआय’ या संस्थेचं एक केंद्र इथं आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मूळची कोथरूडच्या टेकडीवरची.

हा धूर मोजण्यावरूनच जेटचे दिवस फिरले. १ एप्रिल २०२० पासून देशात ‘बीएस-६’ हे कडक नियम लागू झाले. कार्ब्युरेटर बिचारा हवेची उंची, थंडी, इंधन यांचा अंदाज स्वतः घेऊ शकत नाही. म्हणून बहुतेक नव्या दुचाकींत त्याची जागा फ्युएल इंजेक्शननं घेतली. तिथं एक सेन्सर धुरातला प्राणवायू मोजतो, छोटा संगणक हिशेब करतो आणि हव्या तेवढ्याच पेट्रोलचा फवारा मारतो. मामा प्लगचा रंग पाहून जे दर फेरीनंतर करायचे, तेच तो सेकंदात कितीतरी वेळा करतो. आकुर्डीलाही तसंच झालं. बजाजनं पेट्रोलवरच्या स्कूटर बनवणं थांबवलं. आणि जून २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत विजेवरच्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला.

याचं वाईट वाटायचं का? आपण श्वास घेतो ती हवा स्वच्छ राहणार असेल, तर नियम कडक झाले हे चांगलंच. पण मामांसारख्या माणसांचं काय? कार्ब्युरेटरच्या लाखो जुन्या गाड्या अजून रस्त्यांवर आहेत, तोवर त्यांना काम आहे. नंतर? त्या दिवशी मी त्यांना हेच विचारलं. ते हात पुसत म्हणाले, “बाई, मशीन बदलेल. बिघाड शोधायची रीत बदलत नाही. माझा पुतण्या लॅपटॉप लावून गाडी तपासतो. पण तोही आधी गळती बघतो, मग बाकीचं.”

मला वाटतं, या पट्ट्याची खरी श्रीमंती हीच आहे. ती कंपन्यांच्या पाट्यांवर लिहिलेली नसते. ती माणसांच्या बोटांत, कानांत आणि डोळ्यांत असते, आणि ती विचारल्याशिवाय मिळत नाही. विचारली नाही, लिहून ठेवली नाही, तर एक दिवस ती त्यांच्याबरोबर निघून जाईल.

म्हणून या सुट्टीत एक काम करा. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत कारखान्यात काम केलेले कुणीतरी नक्की असतील. लेथवर, मोल्डिंगला, पेंट शॉपमध्ये, तपासणीला. त्यांच्याजवळ वही घेऊन बसा आणि तीन प्रश्न विचारा. तुम्ही काय बनवत होता? ते बरोबर झालंय हे कसं ओळखायचात? आणि बिघडलं तर सगळ्यांत आधी काय पाहायचात? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि शाळा उघडली की वर्गात वाचून दाखवा.

आणि हो, नळ्यांचा प्रयोग करून पाहिलात तर मेणाच्या भोकाचा आकार बदलून किती फवारा उडतो, तेही लिहा. फक्त लक्षात ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची!